विश्लेषण : ट्रक ऑनलाइन झाला, बुकिंग ऑफिसचं काय?

ई-वे बिल, फास्टॅग, ई-चलान… मालवाहतुकीतला सरकारी कागद मोबाइलवर आला. पण भाडं ठरवणं, पोच देणं आणि पैसे वसूल करणं हा खरा व्यवहार अजून फोनवर आणि चिठ्ठीवरच चालतो. तो ऑनलाइन करायला वाहतूकदारांना शिकवायचं, तर नेमकं कोणाला आणि काय?

चाकणहून वाहनांच्या सुट्या भागांचा एक ट्रक हरियाणातल्या मानेसरला निघाला आहे, असं समजा. चाक फिरण्याआधी किती गोष्टी इंटरनेटवर होऊन गेलेल्या असतात ते मोजा. माल पाठवणाऱ्या कंपनीने ई-इनव्हॉइस काढलेलं असतं. त्यावरून ई-वे बिलाचा पार्ट-ए तयार झालेला असतो. ट्रान्सपोर्टवाल्याने पार्ट-बीमध्ये गाडीचा नंबर टाकलेला असतो. गाडीची आरसी, फिटनेस, परमिट आणि विमा ‘वाहन’ पोर्टलवर, ड्रायव्हरचं लायसन्स ‘सारथी’वर, काचेला फास्टॅग आणि डॅशबोर्डखाली जीपीएस.

आता याच फेरीचं भाडं कसं ठरलं ते बघा. कंपनीच्या डिस्पॅचमधून ट्रान्सपोर्टरला फोन गेला, त्याने दलालाला लावला, दलालाने व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळ टाकली. कोणीतरी ‘गाडी आहे’ म्हणाला. घासाघीस झाली, थोडं भाडं आगाऊ मिळालं, उरलेलं ‘पोच आल्यावर’ असं ठरलं. पोच म्हणजे माल मिळाल्याची सही-शिक्क्याची बिल्टी. ती ड्रायव्हरच्या खिशातून किंवा कुरिअरने परत येणार आणि त्यानंतर कधीतरी पैसे निघणार. या सगळ्यातलं काहीही कुठल्याही पोर्टलवर नाही.

थोडक्यात, मालवाहतुकीतली सरकारी बाजू ऑनलाइन झाली आणि व्यापारी बाजू होती तिथेच राहिली. वाहतूकदारांना ‘ई-कॉमर्स’ शिकवण्याच्या गोष्टी सध्या सगळीकडे ऐकू येतात. त्यातल्या बहुतेक या फरकाकडे बघतच नाहीत, आणि म्हणून त्या फसतात, असं माझं मत आहे.

दंडाच्या भीतीने आलेलं डिजिटल

हे सगळं कोणत्या क्रमाने आलं ते आठवून बघा. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य वाहतुकीला ५० हजार रुपयांच्या वरच्या मालासाठी ई-वे बिल लागू झालं, पाठोपाठ राज्यांतर्गत वाहतुकीलाही. महाराष्ट्राने राज्याच्या आतली मर्यादा नंतर १ लाखावर नेली. २०२१ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय महामार्गावरच्या टोलनाक्यांवर सगळ्याच लेन फास्टॅगच्या झाल्या आणि टॅग नसलेल्याला दुप्पट टोल बसू लागला. दरम्यान रस्त्यावरचा पावती-पुस्तकवाला दंड जाऊन कॅमेऱ्याचं ई-चलान आलं. त्याच्याविरोधात राज्यातल्या वाहतूकदारांनी जुलै २०२५ मध्ये संपही केला.

प्रत्येक वेळी शिकण्याची पद्धत एकच होती. आधी नियम, मग दंड, मग धावाधाव, मग शेजारच्या सायबर कॅफेवाल्याला किंवा सीएच्या पोराला पैसे देऊन काम भागवणं. लोक शिकले, हे खरं. आज कुठल्याही ट्रान्सपोर्टनगरात ई-वे बिल काढून देणारा माणूस दहा पावलांवर सापडतो. पण दंड चुकवण्यापुरतंच शिकलं की डोक्यात एक गणित बसतं : ऑनलाइन म्हणजे सरकारी कटकट. त्याच मोबाइलवर धंदा वाढवता येतो, उधारी वसूल करता येते, परतीचं भाडं मिळवता येतं, ही गोष्ट त्या गणितात येतच नाही.

आणखी एक विसंगती. २०१९ मध्ये केंद्राने वाहतूक वाहन चालवण्याच्या परवान्यासाठीची आठवी पासची अट काढून टाकली. निर्णय योग्यच होता, कारण चांगली गाडी चालवायला आठवीचं प्रमाणपत्र लागत नाही. पण याच काळात ड्रायव्हरच्या हातात ओटीपी, ॲप, पोचेचा फोटो आणि डिजिटल कागद आले. वाचता येण्याची अट गेली आणि वाचण्याचं काम वाढलं. मधली जागा प्रशिक्षणाने भरायची होती, ती कोणीच भरली नाही.

शिकायचं कोणी? मालकाने, ड्रायव्हरने की दिवाणजीने?

‘वाहतूक व्यावसायिक’ असा एकच माणूस नसतो. देशातला सुमारे ७० टक्के माल रस्त्याने जातो आणि बहुतांश ट्रकमालकांकडे पाच किंवा त्याहून कमी गाड्या आहेत. म्हणजे हा धंदा मोठ्या कंपन्यांचा कमी आणि घरांचा जास्त आहे. कर्जाचा हप्ता वडिलांच्या नावावर, गाडीवर भाऊ, आणि मोबाइलवर येणारे मेसेज वाचून दाखवायला कॉलेजात जाणारी मुलगी, अशी किती तरी घरं आहेत. प्रशिक्षणाचं निमंत्रण मात्र फक्त ‘मालक’ या शब्दाला जातं.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा माणूस बुकिंग ऑफिसातला दिवाणजी आहे. हिंदी भाषक ऑफिसात त्याला मुनीम म्हणतात, काही ठिकाणी नुसतं ‘बुकिंगवाला’. बिल्टी तो फाडतो, गाडी नंबर तो टाकतो, कोणत्या पार्टीचे पैसे किती दिवसांनी येतात हे त्याला तोंडपाठ असतं, ड्रायव्हर अडकला की पहिला फोन त्यालाच येतो. कळंबोली, निगडी, भिवंडी किंवा नागपूरजवळचं वाडी घ्या. कुठेही गेलात तरी व्यवहाराची सगळी टोकं त्याच्या टेबलावर येऊन मिळतात. आणि तो कोणत्याच प्रशिक्षणाच्या यादीत नसतो.

ड्रायव्हरला खरं तर मोजक्याच गोष्टी लागतात : गाडीचे कागद डिजिलॉकर किंवा एम-परिवहनवर दाखवता येणं, पोचेचा नीट वाचता येईल असा फोटो काढणं, ओटीपी कोणाला सांगायचा आणि कोणाला नाही हे कळणं, आणि अडवलं तर कोणता कागद आधी पुढे करायचा हे माहीत असणं. डिजिलॉकर आणि एम-परिवहनवरचे कागद मूळ कागदांइतकेच ग्राह्य आहेत. २०१८ मध्ये मोटार वाहन नियमांत तसा बदल झाला. तरीही भीतीपोटी मूळ आरसी सीटखाली ठेवून फिरणारे आणि ती हरवून बसणारे ड्रायव्हर आजही आहेत. हे सगळं एका दुपारी शिकवून होतं. मालकाला हिशोब लागतो. दिवाणजीला मात्र पूर्ण व्यवहार लागतो.

सध्याच्या प्रशिक्षणात काय चुकतं?

माझं शिक्षण इंजिनिअरिंगचं. ‘युजरला ट्रेनिंग द्या’ हे वाक्य मी तिथे शेकडो वेळा ऐकलं. बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘आपण बनवलेल्या स्क्रीनवर कुठे दाबायचं ते सांगा’ एवढाच असतो. वाहतूकदारांसाठीच्या अशा एका कार्यशाळेला मी बातमीसाठी बसलो होतो. हॉटेलचा एसी हॉल, इंग्रजी स्लाइड, ‘डिजिटल परिवर्तन’ हा शब्द दर दोन मिनिटांनी. शेवटी सगळ्यांच्या फोनवर एक ॲप टाकून घेतलं आणि गटाचा फोटो काढला. जेवणाच्या रांगेत एका गृहस्थांनी विचारलं, “यातून गाडी बुक केली आणि पार्टीने पैसे बुडवले, तर धरायचं कोणाला?” स्लाइडमध्ये त्याचं उत्तर नव्हतं.

खरं तर अभ्यासक्रम याच प्रश्नापासून सुरू व्हायला हवा. ॲप दर दोन वर्षांनी बदलतं. ज्याच्या नावाची बिल्टी त्याची जबाबदारी, हे बदलत नाही. २००७ च्या रस्ते मालवहन कायद्याने माल पाठवणाऱ्याची चिठ्ठी आणि वाहतूकदाराची पावती या दोन्हींना स्थान दिलं आहे. मालाचं नुकसान झाल्यास दावा लावण्याआधी १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते, हेही त्यात आहे. ऑनलाइन बुकिंग करताना बिल्टी कोणाच्या नावाने निघते आहे हे न बघता ‘मान्य आहे’ दाबणं म्हणजे न वाचता सही करणं. कागदावर सही करताना हाच दिवाणजी चार वेळा विचारतो. मग बोट टेकवताना का विचारत नाही? कारण तो पडदा काय विचारतोय हे त्याला कोणी त्याच्या भाषेत सांगितलेलं नसतं.

ई-वे बिल : ‘येतं आम्हाला’ आणि ‘कळतं आम्हाला’

ई-वे बिल काढणं आता बहुतेकांना येतं. पण त्याचे नियम किती जणांना कळतात? इथेच लाखोंचा फरक पडतो, म्हणून जरा थांबून बघू.

मुदतीचं गणित असं. साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस. १ जानेवारी २०२१ च्या आधी हा आकडा १०० होता, आणि काही ऑफिसांत अजून तोच डोक्यात आहे. चाकण-मानेसर सुमारे १,४०० किलोमीटर धरलं तर सात दिवस मिळतात. हे दिवस पार्ट-बीमध्ये पहिल्यांदा गाडी नंबर पडतो तेव्हापासून धावतात आणि पहिला दिवस दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो. गाडी घाटात बंद पडली, पुराने रस्ता अडला, तर मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवून घेता येते. हे काम ड्रायव्हरचं नाही, ऑफिसचं आहे. पण कोणत्या गाडीची मुदत आज रात्री संपते याची यादी सकाळी उघडून बघणारं ऑफिस विरळाच.

पार्सलच्या धंद्यात आणखी एक खड्डा आहे. भोसरीच्या कारखान्यातून माल छोट्या टेम्पोने ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला येतो. राज्याच्या आत, ५० किलोमीटरपर्यंत, पुढच्या वाहतुकीसाठी ट्रान्सपोर्टरकडे येणाऱ्या अशा मालाला पार्ट-बी लागत नाही. अनेक जण तो उगाच भरतात आणि मुदतीचं घड्याळ तिथूनच सुरू करून बसतात. उलट गोडाऊनला माल मोठ्या गाडीत चढवला की नवा नंबर टाकावाच लागतो, आणि घाईत नेमका तोच राहतो.

राहिला तर काय होतं? २०२२ पासून नियम असा आहे की माल अडवला आणि मालक पुढे आला, तर देय कराच्या २०० टक्के दंड. १० लाखांचा माल, १८ टक्के जीएसटी, म्हणजे कर १ लाख ८० हजार आणि दंड ३ लाख ६० हजार. मालाचं काय ते ठरेपर्यंत गाडी अडकते. गाडी सोडवून घ्यायला वाहतूकदाराला दंडाची रक्कम किंवा १ लाख, यातली कमी ती भरावी लागते. एका फेरीचं भाडं किती आणि हा आकडा किती, ते तुम्हीच ताडून बघा.

पण याची दुसरी बाजूही दिवाणजीला माहीत असायला हवी. सप्टेंबर २०१८ च्या केंद्रीय परिपत्रकानुसार गाडी नंबरातला एक-दोन अंक चुकणं, पत्त्यातला पिनकोड चुकणं अशा किरकोळ चुकांना २०० टक्क्यांचा बडगा लावायचा नाही. अशा वेळी केंद्र आणि राज्य कायद्याखाली ५००-५०० म्हणजे एकूण हजार रुपये दंड आहे. हे परिपत्रक फोनमध्ये ठेवणारा दिवाणजी रस्त्यात अडकलेल्या ड्रायव्हरला दहा मिनिटांत सोडवू शकतो. ज्याला ते माहीत नाही, तो ‘साहेब, काहीतरी करा’ म्हणत राहतो. आणि ‘काहीतरी करा’ची किंमत या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

ॲपवरचं भाडं घ्यायचं की सोडायचं?

आता व्यापाराकडे येऊ. ट्रक आणि माल यांची गाठ घालून देणारी ॲप गेल्या दहा वर्षांत बरीच आली. बंगळुरूची ब्लॅकबक २०१५ मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये शेअर बाजारात आली. गंमत अशी की दलालाची जागा घेणारी कंपनी म्हणून तिची चर्चा झाली, पण तिच्या उत्पन्नात मोठा वाटा आहे तो टोल-इंधनाचं पेमेंट आणि गाडीचा माग ठेवणाऱ्या उपकरणांचा. दलाल आहे तिथेच आहे, फक्त त्याच्याही फोनवर आता ॲप आहे. कारण दलाल फक्त माल-गाडीची गाठ घालत नाही. तो आगाऊ रक्कम देतो, ओळख देतो, भांडण मिटवतो. जे ॲप यातलं काही करत नाही, ते त्याला कसं हटवणार?

म्हणून शिकवायचं ते दर कसा वाचायचा. एक काल्पनिक फेरी घेऊ. पुणे-नागपूर ७०० किलोमीटर, ॲपवर भाडं २८ हजार. गाडी भरलेली असताना लिटरला ४ किलोमीटर देते आणि डिझेल ९० रुपये धरलं, तर डिझेलचे १५,७५० गेले. टोलचे ४,०००, ड्रायव्हरचा भत्ता आणि किरकोळ २,५००. उरले ५,७५०. त्यातून टायर, विमा, हप्ता. हप्ता महिन्याला ४५ हजार असेल तर गाडी उभी राहिली तरी दिवसाला दीड हजार रुपये जातात. नागपूरला गोडाऊनच्या दारात दोन दिवस थांबावं लागलं की तीन हजार तिथेच संपले. परतीचं भाडं नाही मिळालं आणि रिकामी गाडी लिटरला ५ किलोमीटरने आली, तरी डिझेलचेच १२,६०० लागतात. फेरी तोट्यात.

हा हिशोब प्रत्येक जुन्या मालकाच्या डोक्यात असतो, तो त्याला शिकवायला जाणं हा आगाऊपणा होईल. अडचण अशी की ॲपवर बोली लावणारा बऱ्याचदा त्याचा मुलगा किंवा दिवाणजी असतो, आणि वर-खाली होणाऱ्या आकड्यांपुढे डोक्यातला हिशोब दोन मिनिटांत विरघळतो. तोच हिशोब फोनवरच्या साध्या तक्त्यात उतरवला, प्रत्येक मार्गाचा ‘याच्या खाली नाही’ असा आकडा ठरवला, तर बोली लावणारा ठामपणे नाही म्हणू शकतो. माझ्या मते प्रशिक्षणातला सगळ्यात कमाईचा तास हाच.

दराच्या शेजारच्या अटीही वाचायला शिकवायला हव्यात. हॉल्टिंग किती तासांनंतर आणि किती? बुकिंग रद्द झालं तर पैसे कोणाचे कापले जाणार? हमाली आणि वाराई कोणाच्या डोक्यावर? वाराईवरून, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्यासाठी गाडीवाल्याकडून घेतल्या जाणाऱ्या पैशांवरून, पश्चिम महाराष्ट्रातल्या मालवाहतूकदारांनी ‘ज्याचा माल, त्याचा हमाल’ अशी मोहीम चालवली. रस्त्यावर जिंकलेली गोष्ट ॲपच्या अटींमध्ये हरायची असेल तर मोहिमेचा उपयोग काय?

पोच गेली, पैसे कधी?

छोट्या वाहतूकदाराचा जीव भाड्याच्या दरापेक्षा उधारीत जास्त अडकतो. डिझेल रोख, टोल आगाऊ, ड्रायव्हरला रोज पैसे, आणि पार्टीकडून भाडं दोन-तीन महिन्यांनी. यात कागदी पोच सगळ्यात मोठं निमित्त असते. ‘पोच आली नाही’, ‘शिक्का पुसट आहे’, ‘अकाउंट्सवाला रजेवर आहे’.

इलेक्ट्रॉनिक पोच म्हणजे माल उतरला त्या जागी, त्या वेळी काढलेला फोटो आणि घेणाऱ्याचा ओटीपी किंवा सही. कायद्याने हरकत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० पासूनच इलेक्ट्रॉनिक नोंदीला मान्यता आहे. अडतं ते करारात. बुकिंग घेतानाच ‘इलेक्ट्रॉनिक पोच मिळाल्याच्या तारखेपासून दिवस मोजले जातील’ असं एक वाक्य ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर मान्य करून घेतलं, तर दोन आठवडे वाचतात. हे वाक्य कसं लिहायचं, कधी पाठवायचं, पार्टी ‘बघू’ म्हणाली तर काय म्हणायचं, हा सराव करून घेण्याचा विषय आहे.

पुढची पायरी ‘उद्यम’ नोंदणीची. ती मोफत आहे आणि मालवाहतूक ही सेवा असल्याने वाहतूकदारही ती करू शकतो. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद झाली की २००६ च्या एमएसएमई कायद्याचं संरक्षण मिळतं : लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही तशी तरतूद आली. वेळेत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करून मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, पण रोजच्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार कोण करणार, हा प्रश्न बरोबर आहे. आयकराची तरतूद इथेच कामाची आहे. भांडण न करता, बिलावर उद्यम क्रमांक छापून, मार्च जवळ आला की खरेदीदाराच्या सीएलाच घाई होते. बिलावर तो क्रमांक छापायला एक रुपया लागत नाही. किती ट्रान्सपोर्टच्या बिलांवर तो दिसतो, ते एकदा बघा.

मोठ्या कंपन्यांची कामं करणाऱ्यांसाठी ट्रेड्स नावाची व्यवस्थाही आहे. रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने चालणाऱ्या या ऑनलाइन मंचावर कंपनीने बिल मान्य केलं की बँका ते सवलतीने घेतात आणि वाहतूकदाराला काही दिवसांत पैसे मिळतात. पुढे कंपनीने बँकेला पैसे दिले नाहीत तरी बँक वाहतूकदाराच्या मागे लागत नाही. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना या मंचावर नोंदणी बंधनकारक आहे. मेख एकच : कंपनीने बिल मान्य करायला हवं. म्हणजे पुन्हा गाडी पोचेपाशी येऊन थांबते.

फसवणुकीचा तास वेगळा हवा

‘तुमच्या गाडीवर चलान आहे, खालील फाइल उघडा’ असा व्हॉट्सॲप मेसेज, त्यासोबत एपीके फाइल, आणि ती उघडली की बँक खातं रिकामं. हा प्रकार आता गावोगावी माहीत आहे, तरी लोक फसतात, कारण खरं चलानही मोबाइलवरच येतं. ट्रान्सपोर्टवाल्याला याच्या वरचे प्रकारही सोसावे लागतात. नसलेल्या मालाची जाहिरात देऊन ‘गेटपास’चे पैसे मागणारे, दुसऱ्याच्या आरसीचा फोटो पाठवून आगाऊ भाडं उचलणारे, खोटा नंबर लावून भरलेला मालच पळवणारे.

शिकवायच्या सवयी साध्या आहेत. पार्टीचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून नाव जुळतं का बघणं. गाडीची आरसी फोटोवर न मानता एम-परिवहनवर तपासणं. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे ऑफिसातल्या प्रत्येकाला पाठ असणं. आणि पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच १९३० ला फोन करणं, कारण पहिल्या काही तासांत रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त असते.

पण नोंद झाली की कर लागेल ना?

ऑनलाइनला विरोध करणाऱ्यांचं हे खरं कारण आहे, आणि ते चारचौघांत कोणी बोलत नाही. ते टाळून प्रशिक्षण देणं म्हणजे समोरच्याला भोळा समजणं. दहापर्यंत मालवाहू गाड्या असलेल्या मालकाला पॅन आणि घोषणापत्र दिलं की भाड्यातून टीडीएस कापून न घेण्याची सवलत आहे. अंदाजित उत्पन्नावर, वह्या-खतावण्या न ठेवता कर भरण्याची सोयही दहा गाड्यांपर्यंत आहे. म्हणजे छोट्या मालकाला लपवण्यासारखं फारसं नसतं. उलट दुसरी गाडी घेताना बँक दोन वर्षांची नोंद मागते, तेव्हा तीच नसते आणि मग महागड्या व्याजाच्या फायनान्सकडे जावं लागतं. हे आकडे समोर मांडा आणि निर्णय त्याच्यावर सोडा.

दुसरा आक्षेप जुन्या मंडळींचा : हा ओळखीचा धंदा आहे, मशीनचा नाही. मला तो अर्धा पटतो. ओळख राहणारच. पण ज्या पार्टीशी वीस वर्षांची ओळख आहे, तिच्या कारखान्यात आता नवा खरेदी अधिकारी बसतो, तो दर ऑनलाइन मागवतो आणि वेळेत उत्तर न देणाऱ्याचं नाव यादीतून जातं. मग तेच काम मोठी लॉजिस्टिक्स कंपनी घेते आणि आपल्या ओळखीच्या माणसाचीच गाडी कमी भाड्यात लावते. काम गेलं नाही, भाडं गेलं.

मग वर्ग भरवायचा कुठे, आणि खर्च कोणाचा?

सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण आलं, त्यासोबत सरकारी खात्यांची माहिती एकत्र जोडणारा यूलिप हा मंचही. कौशल्य विकासावर त्या धोरणात भर आहे. या क्षेत्राची कौशल्य परिषद आहे, भोसरीला १९६७ पासूनची केंद्रीय रस्ते परिवहन संस्था आहे. संस्था पुरेशा आहेत. त्या बुकिंग ऑफिसच्या पायरीपर्यंत येत नाहीत, एवढंच.

दिवाणजीला हॉटेलात बोलावू नका, त्याच्याकडे जा. संध्याकाळी गाड्या भरायची धांदल असते, सकाळी अकरा ते एक त्याचं टेबल जरा मोकळं असतं. त्या वेळात, ट्रान्सपोर्टनगरातल्या संघटनेच्या ऑफिसात, आठ-दहा जणांना घेऊन, त्यांच्याच कालच्या बिल्ट्या आणि थकलेली बिलं समोर ठेवून दहा बैठका घेतल्या तर पुरे. फिटनेससाठी जुन्या गाड्या दर वर्षी आरटीओच्या मैदानात येतात आणि ड्रायव्हर तिथे तासन् तास बसून असतात. ड्रायव्हरचा वर्ग तिथे होऊ शकतो, मराठीत आणि हिंदीत, लिहून कमी आणि बोलून-दाखवून जास्त. घरची मुलगी किंवा बायको हिशोब बघत असेल तर नाव तिचं लिहा.

खर्चाचा प्रश्न मला फारसा अवघड वाटत नाही. आज कारखाने आणि मोठे गोडाऊनवाले वाहतूकदाराला ‘आमचंच ॲप वापरा, आमच्याच पोर्टलवर बिल टाका’ म्हणतात. चार पार्ट्यांची चार पोर्टल, चार पासवर्ड, आणि शिकायचा खर्च गाडीवाल्याचा. पोर्टल ज्याचं, शिकवणी त्याची, हा नियम कंत्राटातच घालता येईल. चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरीच्या उद्योग संघटना आणि वाहतूकदार संघटना एका टेबलावर बसल्या तर सुरुवात करायला सरकारी आदेशाची वाटही बघावी लागणार नाही. त्या बैठकीत वाहतूकदारांनी एक मागणी आधी ठेवावी : पोर्टलवर पोच चढवली की त्याच क्षणी तारीख-वेळ असलेली पावती गाडीवाल्याच्या फोनवर यायला हवी. ४५ दिवस तिथपासून मोजता येतील.